आमचा बॉलर नेला कुणी?

शनिवारची संध्याकाळ, हिंजवडी फेज टू. पाऊस असा, की कॅबवाला फोन उचलत नाही आणि मॅनेजरचा फोन मात्र आपल्याला उचलावाच लागतो. अशा वेळी शहाणी माणसं मुकाट घरी जातात. आम्ही टपरीवर जातो.

आम्ही म्हणजे चौघं. एक रिसोड, एक कारंजा, एक मंगरूळ आणि मी वाशीम. खरी नावं आहेत हो आम्हाला, आधार कार्डावर रीतसर छापलेली. पण पुण्यात आल्या आल्या पहिल्याच आठवड्यात कोण कुठल्या तालुक्याचं याची चौकशी झाली आणि तीच नावं कायमची चिकटली. आता तर मंगरूळच्या लग्नाच्या पत्रिकेत वेगळंच नाव वाचून मी क्षणभर विचारात पडले, की हा कोण बुवा?

पुण्यात 'मी वाशीमची' असं सांगितलं की दहातले नऊ जण विचारतात, "वाशी? नवी मुंबई?" नाही हो. वाशी नाही, वाशीम. १ जुलै १९९८ ला अकोल्यातून वेगळा झालेला जिल्हा. सोयाबीन, बालाजीचं मंदिर आणि एकेकाळी वाकाटकांची राजधानी असलेलं वत्सगुल्म. एवढं सांगेपर्यंत समोरच्याची कॉफी संपलेली असते. मग मी शॉर्टकट मारते. "रणजी जिंकलेलं विदर्भ माहितीये ना? ते आमचं."

बॉस, हीच तर गंमत आहे! आयपीएलच्या दहा टीम्समध्ये आमची एकही नाही. मुंबईवाल्यांना मुंबई, चेन्नईवाल्यांना चेन्नई. आमच्या वाट्याला टीव्ही. महाराष्ट्रातून रणजीत तीन संघ खेळतात: मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ. अकरा जिल्ह्यांचा मिळून एक संघ, तो आमचा. त्यामुळे त्यातला एक खेळाडू जरी इकडचा तिकडे झाला, तरी आमच्या टपरीवर सुतक पडतं.

२०२५ च्या जुलैतल्या त्या शनिवारी तसंच सुतक होतं.

"करुण गेला," कारंजानं कटिंगचा पहिला घोट घेत जाहीर केलं.

"कोठी?"

"घरी. कर्नाटकात."

"अन् जितेश?"

"बडोद्याले."

"बाप्पा!" रिसोडनं कपाळावर हात मारला. "मंग रायलं कोण? अंपायर?"

करुण नायर आमचा नव्हताच खरं तर. दोन सीझनचा पाहुणा. पण पाहुणा असा, की घरच्यांनी लाजावं. २०२४-२५ च्या विजय हजारे स्पर्धेत ७७९ रन्स. त्याच सीझनच्या रणजीत ८६३. नागपूरच्या फायनलमध्ये केरळविरुद्ध पहिल्या डावात ८६ आणि दुसऱ्यात १३५. कप आमच्याकडे ठेवून पाहुणा आपल्या घरी गेला. त्याला काय बोलणार?

जितेश शर्माचं तसं नाही. जितेश अमरावतीचा. आमच्या विभागाचं ऑफिस अमरावतीला, आमची कॉलेजं अमरावतीला, त्यामुळे जितेश म्हणजे शेजारच्या गल्लीतला पोट्टा. आधी मुंबई इंडियन्सच्या डगआऊटमध्ये बसून राहिला, एकही मॅच न खेळता. मग २०२२ मध्ये पंजाबनं २० लाखांत घेतला. आणि २०२४ च्या नोव्हेंबरच्या लिलावात बंगळुरूनं ११ कोटींना!

२७ मे २०२५ ची रात्र आठवतेय? लखनौनं २२७ ठोकलेले. बंगळुरू जिंकली तर पहिल्या दोनात, म्हणजे फायनल गाठायला दोन चान्स. हरली तर एकाच चान्सवर जगायचं. आम्ही चौघं मंगरूळच्या वन बीएचकेमध्ये एका लॅपटॉपभोवती. कारंजा एका जुन्या बिलाच्या पाठीवर प्लेऑफचं गणित मांडत बसलेला, कुणाचा रनरेट किती, कुणी हरलं तर कोण वर. तो गणितात हुशार नाही, पण आशा लागली की माणूस त्रैराशिकही करतो. आणि तिकडे त्या मॅचपुरता कॅप्टन असलेल्या जितेशनं ३३ बॉलमध्ये नाबाद ८५ मारून सगळं गणितच संपवलं. रिसोड इतक्या जोरात ओरडला, की सोसायटीच्या ग्रुपवर तक्रार आली. फायनल बंगळुरूनं ३ जूनला जिंकली, सहा रन्सनी. समोर कोण? पंजाब. जितेशची जुनी टीम! फायनलमध्ये दहा बॉलमध्ये २४ काढले गड्यानं.

त्या रात्री आमच्यापैकी कुणालाही वाटलं नाही, की जुन्या टीमविरुद्ध खेळतो म्हणजे हा गद्दार आहे. पंजाब आमची नव्हती ना! पण तोच जितेश विदर्भ सोडून निघाला म्हटल्यावर टपरीवर सन्नाटा.

"विकेटकीपर दोन, जागा एक," मंगरूळ म्हणाला. तो कमी बोलतो. "अक्षय वाडकर कॅप्टन हाय, कीपर बी तोच. मंग जितेशनं किती दिवस पाणी पाजाव?"

त्याचं म्हणणं बरोबर होतं. आपल्याच ऑफिसात बघा ना. एकाच कामाची दोन माणसं असली, की वर्षभरात एकाचा लिंक्डइनवर फोटो बदलतो. पुढे काय होतं ते सांगायची गरज नाही.

"पन खरी खबर वेगळीच हाय," कारंजा आवाज खाली आणून म्हणाला. त्याचा एक चुलत भाऊ नागपूरला असतो. तो काय काम करतो ते आम्हाला आजवर कळलेलं नाही, पण त्याच्याकडून आलेल्या प्रत्येक बातमीला 'खात्रीलायक' म्हणायची पद्धत आहे. "एक बॉलर बी चाल्ला म्हंते."

"कोणता?"

"ते नाई सांगलं त्यानं."

झालं! पुढचा दीड तास तोच विषय. कोण असेल? डावखुरा की उजवा? फास्ट की स्पिनर? एनओसी मागितली असेल का? बाहेरून आलेले प्रोफेशनल जास्तीत जास्त तीनच खेळवता येतात, मग त्या राज्यात जागा रिकामी आहे का? चार चहा, दोन प्लेट कांदाभजी, आणि बातमी कुठून कुठपर्यंत? 'ते नाई सांगलं त्यानं' इथपर्यंतच.

हे येड फक्त आपल्याकडेच आहे असं समजू नका. अमेरिकेत बेसबॉलचा सीझन संपला, की थंडीत कुठला पिचर कुठल्या टीमला विकला जाणार यावर पब्लिक महिनोन्महिने चर्चा करतं. पूर्वी म्हणे गावातल्या दुकानात शेकोटीभोवती बसून गप्पा रंगायच्या, म्हणून त्या प्रकाराला नावच पडलं 'हॉट स्टोव्ह'. १९१९ च्या शेवटी बोस्टननं बेब रुथ नावाचा आपला हिरा न्यूयॉर्कला विकला. तो बॅटिंगसाठी गाजला, पण बोस्टनकडे आधी पिचर म्हणूनच चमकला होता. १९१८ मध्ये जिंकलेल्या बोस्टनला पुढची वर्ल्ड सिरीज मिळाली ती थेट २००४ मध्ये. तोवर तिथले आजोबा नातवंडांना सांगत राहिले, की आमचा बॉलर विकला नसता तर...

तर, आपली टपरी हीच आपली शेकोटी.

आता माझी गोष्ट. टपरीवर सगळ्यात खुनशी फॅन कोण विचाराल तर मीच. कारंजा बातम्या आणतो, रिसोड ओरडतो, मंगरूळ ऐकतो आणि मी शिक्षा ठोठावते. माझ्या यादीत एक नाव बरेच दिवस सगळ्यात वर होतं. रजनीश गुरबानी.

२०१७ चा डिसेंबर. मी अमरावतीला इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. तिकडे कोलकात्यात रणजीची सेमीफायनल, समोर कर्नाटक. त्यांना जिंकायला १९८ हवे होते. चौथ्या दिवसाअखेर सात विकेट्स गेलेल्या. वाटलं, सकाळी चहा संपायच्या आत खेळ खल्लास. पण शेपूट वळवळत वळवळत पार दाराशी आलं. मेसच्या टेबलावर पोहे गार झाले, कुणी हात लावेना. शेवटी आम्ही जिंकलो, पाच रन्सनी. गुरबानीच्या त्या डावात सात विकेट्स, मॅचमध्ये बारा. आणि हा माणूस शिकलेला काय, तर सिव्हिल इंजिनीअर! आमच्या होस्टेलवर त्या दिवशी प्रत्येक मुलीला वाटलं, इंजिनीअरिंग करून आयुष्यात काहीतरी होऊ शकतं.

मग इंदूरची फायनल. दिल्लीविरुद्ध गुरबानीची हॅटट्रिक. रणजीच्या फायनलमध्ये हॅटट्रिक घेणारा तो फक्त दुसरा बॉलर. १ जानेवारी २०१८ ला विदर्भ चॅम्पियन. १९५७-५८ पासून खेळणाऱ्या संघाचा पहिला कप! कॅप्टन फैज फझल, कोच चंद्रकांत पंडित. त्या फायनलमध्ये आदित्य ठाकरे नावाचा पोरगा पहिलीच रणजी मॅच खेळला, अकोल्याचा. म्हणजे आमच्याच जुन्या जिल्ह्याचा की हो! बाबांनी वाशीमहून फोन केला. म्हणाले, "बाई, नवीन वर्ष लागलं." बस, एवढंच. माणूस रडत होता.

आणि हाच गुरबानी २०२४ मध्ये महाराष्ट्राकडून खेळायला गेला. पुण्याकडे! मी टपरीवर जाहीर केलं होतं, की त्याचं नाव माझ्यासमोर काढायचं नाही. मंगरूळ तेव्हाही हळूच म्हणाला होता, "आपन चौघं बी पुण्यातच हाओ ना?" मी त्याच्याकडे असं बघितलं, की त्याने चहाचे पैसे देऊन टाकले.

हे सगळं एवढं सविस्तर का सांगतेय? कारण २०२५ च्या जुलैतल्या त्याच शनिवारी, टपरीवर अज्ञात बॉलरला शिव्या घालताना माझ्या मोबाईलच्या इनबॉक्समध्ये एक ऑफर लेटर पडलेलं होतं.

बंगळुरूची कंपनी, पगार दीडपट, वर जॉइनिंग बोनस. अट एकच. तीस दिवसांत या. आमच्याकडे नोटीस पिरियड नव्वद दिवसांचा, पण 'बायआऊट आम्ही करतो' असं तिथली एचआर गोड आवाजात म्हणाली. म्हणजे उरलेल्या दिवसांचे पैसे नवी कंपनी जुन्या कंपनीला देणार. फोन ठेवल्यावर माझ्या डोक्यात ट्यूब पेटली. अरेच्चा, ही तर ट्रान्सफर फी!

आणि अडचण काय होती? आमच्या प्रॉडक्टचं मोठं रिलीज होतं ऑक्टोबरच्या मध्याला. त्यातला एक अख्खा भाग माझ्याकडे. मी ऑगस्टमध्ये उठून गेले असते, तर तो भाग आमच्या टीममधल्या दोन नवख्या पोरांच्या गळ्यात पडला असता.

त्याहून मोठी अडचण म्हणजे मार्च २०२४. बाबांची बायपास झाली नागपूरला. मी दोन महिने वाशीम-नागपूर करत होते. काम जेमतेम निम्मं होत होतं. माझ्या मॅनेजरनं एका शब्दानं विचारलं नाही. "जमेल तेवढं कर, बाकीचं आम्ही ओढतो," म्हणाला. पगार पूर्ण आला, दोन्ही महिने. बाबा हॉस्पिटलमध्ये, आणि तिकडे वानखेडेवर मुंबई-विदर्भ फायनल चालू. डॉक्टरांनी टेन्शन घ्यायचं नाही असं बजावलेलं, म्हणून स्कोअर मी लपवत होते. जिंकायला ५३८! बाबांनी तरी कुठून तरी काढलाच. "वाडकरची सेंचुरी झाली ना?" आम्ही १६९ रन्सनी हरलो, पण मॅच पाचव्या दिवसापर्यंत ओढली, ३६८ पर्यंत गेलो. बाबा म्हणाले, "हरले, पन शेवटपर्यंत उभे रायले." त्यांच्या तब्येतीला त्या आकड्यांनी औषधापेक्षा जास्त गुण आला असावा.

तर, ते दोन महिने माझ्या डोक्यावर होते. कागदावर कुठेही न लिहिलेले.

टपरीवर मी काहीच बोलले नाही. पण चेहरा लपत नाही ना. मंगरूळनं माझ्याकडे एकदा बघितलं, आणि उगाचच विषय बदलल्यासारखा म्हणाला, "वसीम जाफर फुकट खेळला होता, मालूम हाय का तुमाले?"

"कवा?"

"पह्यला कप जिंकला तवा."

रिसोडला पटेना. मग मंगरूळनं सांगितलं. जाफर मुंबईचा. आयुष्यभर मुंबईसाठी ढिगानं रन्स काढून उतारवयात आमच्याकडे प्रोफेशनल म्हणून आला. २०१६-१७ चा सीझन दुखापतीत गेला, खेळताच आलं नाही. पण विदर्भानं त्याचे पैसे दिलेले होते. पुढच्या वर्षी तो म्हणाला, मागचे पैसे मला मिळालेत, हा सीझन मी फुकट खेळतो. आणि खेळला! इंदूरच्या फायनलमध्ये विजयाचा चौका त्याच्याच बॅटमधून निघाला. त्याच्या पुढच्या सीझनला, चाळिशी ओलांडून, हजारावर रन्स काढून त्याने आम्हाला दुसरा कप मिळवून दिला.

"मनजे पाहुना असून बी हिशोब चुकता करून गेला," मंगरूळ म्हणाला, आणि ग्लास खाली ठेवला.

त्या रात्री मला झोप लागली नाही. पहिल्यांदा वाटलं, मी आजवर चुकीच्या माणसांना शिक्षा देत होते. कोण आलं, कोण गेलं, हा प्रश्नच नव्हता. असताना काय केलं आणि जाताना काय शिल्लक ठेवलं, हा होता. गुरबानीनं कोलकात्यात सात विकेट्स काढल्या तेव्हा काही हातचं राखून ठेवलं होतं का? नाही ना! मग सात वर्षांनी त्याला दुसरीकडे खेळावंसं वाटलं तर माझं काय नुकसान झालं? तो २०१७ चा डिसेंबर तर माझ्याकडेच राहिला की.

आठवला आदित्य सरवटेही. २०१९ च्या फेब्रुवारीतली सौराष्ट्राविरुद्धची फायनल, मॅचमध्ये अकरा विकेट्स, पुजारा दोन्ही डावांत त्याच्याच बॉलवर आऊट. दुसरा कप त्याचाच म्हणा ना. आणि २०२५ च्या फायनलला तोच सरवटे समोरून, केरळकडून! आमच्याच जामठ्याच्या मैदानावर आमच्याविरुद्ध ७९ रन्स. मी पुण्यात चरफडत होते. आणि वाशीमला बाबा टीव्हीसमोर टाळ्या वाजवत होते, असं आई सांगत होती. मी फोनवर भांडलेसुद्धा. "बाबा, तुम्ही कुणाच्या बाजूनं?"

"अवं बाई, आपलाच पोट्टा हाय," बाबा म्हणाले. "त्यानं आपल्याविरुद्ध हलकं खेळाव अशी तुह्यी इच्छा हाय का? मंग तो आपला कायचा?"

३७ रन्सच्या आघाडीवर आम्ही तो कप जिंकलो. पण बाबांचं ते वाक्य मला चार महिने समजलं नव्हतं. जुलैच्या त्या रात्री समजलं.

सोमवारी मी बंगळुरूला फोन केला. म्हटलं, येते, पण नव्वद दिवस पूर्ण करून. रिलीज झाल्यावर. गोड आवाजातला गोडवा जरा कमी झाला. दोन दिवसांनी उत्तर आलं. थांबू, पण जॉइनिंग बोनस मिळणार नाही. आकडा सांगत नाही, पण एका चांगल्या स्कूटीचे पैसे होते. आईनं ऐकल्यावर 'असं का केलं?' म्हणून दोन वेळा विचारलं. बाबांनी एकदाही नाही.

मॅनेजरला राजीनामा दिला तेव्हा तो बराच वेळ लॅपटॉपकडे बघत राहिला. मग म्हणाला, "ऑक्टोबरपर्यंत आहेस ना? मग ठीक." आणि त्या दोन नवख्या पोरांना माझ्या शेजारी आणून बसवलं. पुढचे अडीच महिने मी जेवढं काम केलं, तेवढं आधीच्या दोन वर्षांत केलं नसेल. टपरीवर मात्र चकार शब्द नाही. तोंड कुठल्या तोंडानं उघडणार होते? कारंजाच्या भावाला सुगावा लागला नाही, यावरून त्याच्या खात्रीलायकपणाची लायकी कळावी!

दसऱ्याला वाशीमला गेले. त्याच आठवड्यात जामठ्याला इराणी कप, रणजी चॅम्पियन विदर्भ विरुद्ध शेष भारत. शेवटचा दिवस ५ ऑक्टोबर, रविवार. बाबा सकाळीच तयार. शेलू बाजारहून समृद्धीवर चढलो आणि थेट शिवमडका. तिथून स्टेडियम जवळच. बायपासनंतर बाबांचा पहिलाच लांबचा प्रवास. आईनं डबा दिला, गोळ्या दिल्या आणि मला दम दिला. स्टँडमध्ये माणसं मोजण्याइतकी. कुणी पेपर डोक्यावर धरून, कुणी रेडिओ लावून. शेष भारताला ३६१ हवे होते, २६७ वर खेळ आटोपला. ९३ रन्सनी आम्ही जिंकलो. मॅन ऑफ द मॅच अथर्व तायडे, पहिल्या डावात १४३. कुठला? अकोल्याचा!

करुण नव्हता. जितेश नव्हता. गुरबानी नव्हता, सरवटे नव्हता. तरी जिंकलो. टपरीवर ज्यांच्या जाण्याचं सुतक पाळलं, त्यांच्या जागी कुणीतरी पॅड बांधून उभं होतं. हर्ष दुबे तर आदल्याच रणजीत ६९ विकेट्स घेऊन बसलेला, एका रणजी सीझनमध्ये याहून जास्त विकेट्स त्याआधी कुणीच घेतल्या नव्हत्या.

तिथेच बाबांना सांगितलं. "बाबा, मी बंगळुरूला चाललेय."

त्यांनी मैदानावरून नजर हलवली नाही. "हिथला हिशोब झाला का पुरा?"

"पंधरा तारखेला होईल."

"मंग जाय." आणि थोड्या वेळानं, "तिकडे गेल्यावर कर्नाटकवाल्याइले सांगजो, करुणले आमी चांगला ठेवला होता म्हनून."

ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारी टपरीवर मी बातमी फोडली. रिलीज झालं होतं, रिलीव्हिंग लेटर बॅगेत होतं. आमच्या धंद्यातली एनओसी हो. तिघंही गप्प. भजी आली, कुणी हात लावेना. शेवटी रिसोडनं तोंड उघडलं.

"म्हनजे तो बॉलर तूच होती का बे?"

कारंजा एकदम उसळला. "पाहा! म्या सांगलं नव्हतं? खात्रीलायक खबर होती!"

हसून हसून पुरेवाट झाली. माझे डोळे वाहत होते, ते हसण्यानं की कशानं, ते त्या पावसात कुणाला कळलं नसावं. निघताना मंगरूळनं चहाचे पैसे दिले. म्हणाला, "गुरबानीले आता माफी दे. तुह्याच पंगतीत बसला तो."

दिली, बाबा. मनापासून दिली.

मी बंगळुरूत स्थिरस्थावर होते न होते, तोच नोव्हेंबरात आयपीएलचा बाजार भरला. शार्दूल ठाकूर लखनौहून मुंबईला, दोन कोटींत. पालघरचा पोरगा घराजवळ आला. मोहम्मद शमी हैदराबादहून लखनौला, दहा कोटींत. आणि जडेजा चेन्नई सोडून राजस्थानला, तिकडचा संजू सॅमसन चेन्नईला! रात्री अकराला तिघांचा एकत्र फोन. मागून टपरीच्या स्टोव्हचा आवाज स्पष्ट ऐकू येत होता.

"वाशीम, शमी गेला बे!"

"हा प्रकार काय आजचा आहे का?" मी म्हटलं. "२००९ ला झहीर बंगळुरूहून मुंबईला गेला, उथप्पा इकडे आला. तेव्हापासून चालूच आहे." झहीर खान श्रीरामपूरचा, हे सांगायला मी विसरले नाही. आपल्याकडच्या बॉलरचा पत्ता सांगायची खोड बंगळुरूतही सुटलेली नाही.

इथल्या ऑफिसात शेजारच्या टेबलावर एक कन्नड मुलगा आहे. पहिल्याच दिवशी क्रिकेट निघालं. तो अभिमानानं म्हणाला, करुण नायर आमचा, टेस्टमध्ये नाबाद ३०३ मारलेत त्याने. मी म्हटलं, हो, पण दोन वर्षं आमच्याकडे होता, आम्ही चांगला ठेवला होता. त्याला कळलं नाही, पण हसला. मी बाबांचा निरोप पोचवला.

खेळाडूंना ट्रान्सफर विंडो असते. आयपीएलमध्ये लिलावाच्या आठवडाभर आधी ती बंद होते, लिलावानंतर पुन्हा उघडते. आपल्यालाही असते, अप्रेझलचं लेटर आल्यापासून पुढे साधारण महिनाभर. त्या काळात कोण कुठे जाईल याचा भरवसा नाही, आणि जाणाऱ्याला शिव्या घालण्यात अर्थही नाही. त्याने जाण्याआधी आपली ओव्हर पूर्ण टाकली का, एवढं फक्त बघावं.

फॅनला मात्र कुठलीच विंडो नसते. त्याला कुणी विकत घेत नाही, अदलाबदल करत नाही, रिलीजही करत नाही. म्हणून तर दर सीझनला रणजीची नॉकआऊट जवळ आली, की मी इथे बंगळुरूत एका बिलाच्या पाठीवर गणित मांडायला बसते. थेट विजयाचे सहा, डावानं किंवा दहा विकेट्सनी जिंकलो तर सात, पहिल्या डावाच्या आघाडीचे तीन. मग फोन लावते.

"कारंजा, खबर काय हाय?"

"एक बॉलर येऊन रायला म्हंते."

"कोणता?"

"ते नाई सांगलं त्यानं."